घड्याळ बरोबर होतं

आसफी बंदरातल्या वॉर्ड कचेरीसमोरच्या फुटपाथवर एके काळी लोकांचे अर्ज, पत्रं लिहून देणाऱ्या अर्जनवीसांची सात टेबलं होती. एकेक जण म्हातारा झाला, वारला, नाहीतर मुलाकडे कासाब्लांकाला गेला, आणि शेवटी दोन उरली. एक लल्ला हनियाचं, एक सी बुजमाचं; लल्ला हा तिकडं बाईच्या नावाआधी लावायचा मान, सी पुरुषाच्या. दोन टेबलांवर मिळून एक छत्री, दोघांत मिळून चहाची एक किटली, आणि पहारेकऱ्याच्या मेहेरबानीनं कचेरीतून बाहेर आणलेली विजेची एक वायर, तीही दोघांत मिळून.

हनिया या धंद्यात आली ती रागानं. बाप तारल्या डब्यांत भरायच्या कारखान्यात, आईही तिथंच. घराला बाराही महिने माशाचा वास. त्या घरातून ही एकटी मुलगी बारावी झाली आणि वर टायपिंग शिकली. नवरा बोटीवर होता. लास पाल्मासला गेला, दोन पत्रं पाठवली, तिसरं पाठवलं नाही. मेला नव्हता, नुसता परत आला नाही. चार वर्षं वाट पाहून ती फारकतीचा अर्ज लिहून घ्यायला याच फुटपाथवर आली. ज्या म्हाताऱ्यानं तो लिहिला त्यानं देवाच्या स्तुतीपासून सुरुवात केली आणि न्यायाधीशाच्या खानदानाचे गुण गाता गाता कागद संपवला. नवऱ्याचं नाव लिहायला जागा उरली नाही. कोर्टात न्यायाधीशानं विचारलं, बाई, तुम्हाला नेमकं हवंय काय? हनिया तडक बाहेर आली, एक कागद मागून घेतला आणि पायरीवर बसून सहा ओळींत सगळं लिहिलं. शेजारच्या बाईनं ते वाचून घेतलं आणि म्हणाली, माझंही असंच लिहून दे. ती पहिली गिऱ्हाईक. त्याला आता चौतीस वर्षं झाली.

तिच्यासमोर बसून रडायची सोय नव्हती. "काय झालं ते मला सांग, कसं वाटलं ते घरी जाऊन बहिणीला सांग," असं ती तोंडावर म्हणायची. बायकांना ते लागायचं, पण त्यांचे अर्ज मंजूर व्हायचे, म्हणून त्या पुढच्या वेळी दुसऱ्या चौघींना घेऊन यायच्या. अंगठा घ्यायच्या आधी हनिया अर्ज दोनदा वाचून दाखवी आणि शेवटची ओळ ते सही यांच्यामध्ये जी जागा उरेल तिच्यावर तिरकी रेघ ओढी. कोऱ्या कागदावर सही द्यायची नाही, सख्ख्या भावालाही नाही, हे तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की मासळीबाजारातल्या बायका तिची नक्कल करायच्या त्या एवढ्याच वाक्यावर.

बुजमा सव्वीस वर्षांपूर्वी शेजारी येऊन बसला. मदरशात शिकलेला, आवाज गोड, अरबी अशी की वाचणाऱ्यानं वाचतच राहावं. शोकपत्र, मागणीचं पत्र, रुसलेल्या सासऱ्याची समजूत घालायची असली तर बुजमाकडे. जमीन, वीज, पोटगी, पेन्शन असलं तर हनियाकडे. तीच त्याच्याकडे माणसं पाठवायची, तोही तिच्याकडे पाठवायचा. एकाचं यंत्र बिघडलं तर दुसऱ्याच्या यंत्रावर बसून काम उरकायचं, ही रीत टाइपरायटरच्या काळापासूनची. लॅपटॉप आले तरी ती चालू राहिली. हनिया दुपारच्या नमाजाला गेली की तिचा लॅपटॉप बुजमासमोर उघडा असे. तिचा पासवर्ड त्याला ठाऊक, त्याचा तिला. त्याची बायको आजारात गेली तेव्हा तीन महिने त्याच्या घरी जेवणाचा डबा हनियाकडून जात होता. हनियाच्या आईच्या जनाज्याला पुढचा खांदा बुजमाचा होता. भाऊ नव्हता हनियाला. लोकांनी विचारलं तर ती बुजमाकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, हा काय बसलाय.

त्या वर्षी कचेरीनं फुटपाथ मोकळा करायचं ठरवलं. टेबलं उठवणार, आणि त्याऐवजी फाटकाच्या आत एक खोली देणार: दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब, वर छप्पर, आत वीज. खोली एकच. अर्ज एकट्यानं करा नाहीतर दोघांनी मिळून करा, गुरुवारी दुपारी बाराच्या आत द्या. ज्याला खोली मिळेल तो अर्जनवीस राहील, बाकीच्यांनी घरी जावं. एकसष्टाव्या वर्षी हनियाला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचीही इच्छा नव्हती. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात कागद धरून धरून तिचे हात आखडले होते. ती खोली तिला हवी होती. अशी हवी होती की आत टेबल कुठं लावायचं हे तिनं मनात दोनदा बदलून झालं होतं.

दोघांनी मिळूनच अर्ज करायचा, हे बोलायचीही गरज पडली नाही. मजकूर तिनं लिहिला, कारण सरकारी काम तिचं. सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून तिच्याच लॅपटॉपवर ठेवली. गुरुवारी दहा वाजता दोघांनी जोडीनं जाऊन द्यायचं ठरलं.

बुधवारी दुपारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मोतीबिंदू पिकत आला होता. ही गोष्ट तिनं एकट्या बुजमाला सांगितली होती, कारण अर्ज लिहिणारीला दिसत नाही हे कळलं तर गिऱ्हाईक थांबेल कशाला? डॉक्टर डोळ्यांत थेंब घालणार, मग संध्याकाळपर्यंत अक्षर दिसणार नाही. बुजमा म्हणाला, जाताना एका कागदावर खाली सही करून ठेव; मी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फोटोकॉपीवाल्याकडून वर मजकूर छापून घेतो, म्हणजे सकाळी धावपळ नको. हनियानं कागद ओढला आणि सही केली. अरबीत एक, फ्रेंचमध्ये एक, खाली तारीख. बाजारातल्या चिटोऱ्यावरही तिरकी रेघ मारणारी बाई पूर्ण कोऱ्या कागदावर सही करून उठली, आणि आपण काय केलं हे तिच्या मनातही आलं नाही. दोन अर्जनवीस एकमेकांशी असंच वागतात. मजकुरावर संशय घ्यायचा तो परक्याच्या.

संध्याकाळी तिला धड दार दिसत नव्हतं तेव्हा बुजमा तिचा लॅपटॉप पिशवीत घालून घरी पोचवायला आला. सोबत दोन गरम रोट्याही आणल्या. छापलं का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, दुकानाचं यंत्र बंद होतं, सकाळी करू.

गुरुवारी साडेआठला तिनं टेबलावर लॅपटॉप उघडला. दिवा लागला, पंखा घरघरला, कंपनीचं चिन्ह आलं आणि गेलं. मग काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ उमटली: सुरू करण्याजोगं काही सापडत नाही. तिनं बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ. चार्जर काढला, लावला. पेन ड्राइव्ह अडकलाय का ते चाचपलं. तीच ओळ.

बुजमानं चहा ओतला आणि तिच्यापुढे पेला ठेवला. घाबरू नकोस लल्ला, म्हणाला, मजकूर मला आठवतोय, मी माझ्यावर टाइप करतो. आणि तो करू लागला. हनिया शेजारी उभी राहिली. त्यानं वंदन लिहिलं, मग त्यातला एक शब्द बदलला, मग जुना बरा होता म्हणून परत घातला. पंचवीस मिनिटांत तो अजून कचेरीच्या सन्माननीय प्रमुखांच्या दीर्घायुष्यापाशीच होता.

"बुजमा, तू काय त्यांच्या मुलीला मागणी घालतोयस?"

तो हसला. मजकूर झाला तरी प्रमाणपत्रं कुठून आणायची, असं तिनं विचारलं. ती सगळी बंद लॅपटॉपात. मूळ कागद निरनिराळ्या कचेऱ्यांत. ती पिशवी उचलून म्हणाली, मी दुरुस्तीवाल्या तिबारीकडे जाते. बुजमाची बोटं थांबली. तिबारी नाही आज, तो म्हणाला, मेहुण्याच्या मयताला सुवेराला गेलाय, काल मला कुणीतरी सांगितलं; उगीच पायपीट करू नकोस, माझा भाचा शनिवारी मराकेशला जातोय, कंपनीच्या दुकानात दाखवून आणेल. शनिवारी, हनिया म्हणाली. गुरुवारच्या कामाला शनिवार. तिबारी नसला तर त्याच्या शेजारी दुसरे चार बसलेत, असं म्हणून ती चालू लागली. बुजमानं पुन्हा हाक मारली, पण मागे वळून बोलत बसायची तिला सवय नव्हती.

तिबारी टपरीतच होता. तळलेल्या तारल्या भरलेला पाव खात होता आणि मेहुणे त्याचे सगळे जिवंत होते. हनियानं मनाशी म्हटलं, बुजमाला कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल. त्या वेळी तिनं खरंच तेवढंच म्हटलं.

तिबारी पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, बोलायला जरा जास्त. त्याच्या आईच्या रेशन कार्डाचा घोळ हनियानंच निस्तरला होता, त्यामुळे तिची पिशवी आली की बाकीच्यांच्या पिशव्या मागे सरत. त्यानं हात पुसले, लॅपटॉप चालू केला, कान लावून ऐकला.

"पंखा ठीक. पडदा ठीक. म्हणजे अंग शाबूत आहे लल्ला, फक्त उठल्यावर कुठं जायचं ते याला आठवत नाहीये."

"मला बारापर्यंत कागद द्यायचेत. त्याच्या आठवणीचं मला सांगू नकोस."

त्यानं विचारलं, पडला होता का? पाणी सांडलं? काल बंद करताना काही लिहून आलं होतं का? हनिया म्हणाली, काल दुपारपर्यंत उत्तम चालत होता, नंतर मी उघडलाच नाही. तिबारीच्या मते अशा वेळी निम्म्या वेळा डिस्क मेलेली असते. त्यानं मागचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली आणि वायर लावून आपल्या यंत्राला जोडली. हनियाला मांडीवरचे हात कुठं ठेवावेत कळेना. पडद्यावर फोल्डर उघडलं. चौतीस वर्षांतली शेवटची अकरा त्यात होती, एकही कागद गेला नव्हता. अर्ज होता. प्रमाणपत्रं होती. तिबारीनं ती एका पेन ड्राइव्हवर उतरवून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, आता लॅपटॉप समुद्रात फेकलात तरी तुमचं काम होईल.

साडेदहा झाले होते. इथंच उठून गेली असती तर बरं झालं असतं की वाईट, याचा निकाल तिनं नंतरही लावला नाही. ती उठलीच होती. पण तिबारीला आता चैन पडत नव्हतं. डिस्क चांगली, मग यंत्र तिला पाहत का नाही? त्यानं डिस्क परत बसवली, चालू करता करता एक कळ दाबून धरली आणि निळ्या रंगाचं ते आतलं पान उघडलं, जिथं यंत्र जागं होण्याआधीच्या गोष्टी ठरतात. डिस्कचं नाव तिथं दिसत होतं. तो खालच्या ओळी वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला.

मग त्यानं साध्या भाषेत सांगितलं. यंत्र सुरू व्हायच्या दोन पद्धती असतात, जुनी आणि नवी. या डिस्कवरचा सगळा संसार नव्या पद्धतीनं मांडलाय. इथं मात्र जुनी लावलीय. जुन्या पद्धतीनं शोधायला गेलं की समोर असलेली डिस्कही ओळखू येत नाही. त्यानं ती ओळ बदलली, जतन केली, आणि अर्ध्या मिनिटात हनियाचा नेहमीचा पडदा उघडला, मागे आसफीच्या बंदराचा फोटो.

हनिया म्हणाली, बरं झालं, यंत्रं म्हातारी झाली की असं काहीबाही विसरतात. तिबारी काही बोलला नाही. त्याचं न बोलणं इतकं नवीन होतं की तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"लल्ला, हे आपोआप विसरतात तेव्हा आतला बटणाएवढा सेल संपलेला असतो. सेल संपला की सगळंच पुसलं जातं, सगळ्यात आधी घड्याळ. घड्याळ मग कुठल्या कुठं, दहा वर्षं मागे जातं." त्यानं चष्मा वर केला. "त्या पानावरचं घड्याळ बरोबर होतं. मिनिटासकट."

"मग?"

"मग ही एकच ओळ कुणीतरी बदलली. हातानं. कळ दाबून आत जावं लागतं, चार पायऱ्या उतराव्या लागतात, आणि शेवटी विचारतं, खरंच बदलू का? त्याला हो म्हणावं लागतं."

हनियानं पिशवीची चेन लावली आणि उघडली. ती म्हणाली, हे कुणाला येणार? बाजारात तुझ्याशिवाय कुणाला येतं? तिबारी टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागला. स्क्रूंकडेच पाहत म्हणाला, दोन वर्षांपूर्वी एक यंत्र असंच आलं होतं, त्याचा सेल खरंच संपला होता. सेल मिळायला चार दिवस होते, तोवर रोज सकाळी हाच रोग होणार, म्हणून मालकाला जवळ बसवून मी ती ओळ बदलायला शिकवली होती. वहीत लिहूनही घेतलं होतं त्यानं. तुम्ही होतात की सोबत, चहा तुम्हीच मागवला होता.

होती ती सोबत. बुजमा पायरी पायरीला विचारत होता, आणि ती हसत होती की मदरशात एवढं लक्ष दिलं असतंस तर काझी झाला असतास.

तिनं तिबारीशी थोडा वाद घातला. वादात दम नव्हता आणि ते तिलाही कळत होतं. एखाद्या गिऱ्हाइकाच्या मुलानं चाळा केला असेल. पहारेकऱ्यानं हात लावला असेल. तिबारी प्रत्येक वेळी "असेल" म्हणत होता, आणि त्याचं ते "असेल" तिला जास्त लागत होतं. शेवटी ती उठली. त्यानं पैसे घेतले नाहीत. ती द्यायला विसरली होती हेही त्यानं सांगितलं नाही.

कागद छापायला कोपऱ्यावर जायचं तर बुजमासमोरून जावं लागलं असतं; आधी आत काय आलंय ते पाहावं म्हणून ती टेबलं टाळून मागच्या फाटकानं कचेरीत गेली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अर्ज घेणारा कारकून सी अल्लाल तिला वीस वर्षं ओळखत होता. तिला पाहून त्यानं खुर्ची दिली आणि डोळ्यांची चौकशी केली.

"माझ्या डोळ्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

अल्लाल गोंधळला. म्हणाला, तुम्हीच तर लिहिलंय. आणि त्यानं फाइल उघडून कागद तिच्याकडे फिरवला.

खाली तिची सही होती, अरबीत एक, फ्रेंचमध्ये एक, बुधवारची तारीख. वर सुबक छापलेला मजकूर. मी, खाली सही करणारी, वयोमानानं आणि दृष्टी मंदावल्यामुळे हा व्यवसाय राजीखुशीनं सोडत आहे. खोलीवरचा हक्क मी सोडला असून ती माझे बंधुतुल्य सहकारी सी बुजमा यांना मिळावी अशी माझी विनंती आहे. त्याखाली बुजमाचा अर्ज, एकट्याचा. बुधवारी दुपारी साडेतीनला आलेला. त्या वेळी ती डॉक्टरांच्या बाकावर डोळे मिटून बसली होती.

ती वाचत असताना अल्लाल म्हणाला की वाचून आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं, फार सुंदर लिहिलंय. सुंदर होतंच. "दृष्टी मंदावल्यामुळे" हे शब्द तिनं स्वतः कधी वापरले नसते. तिनं "दिसत नाही" लिहिलं असतं. शेवटची ओळ आणि सही यांच्यामध्ये चार बोटं जागा कोरी होती. तिच्यावर रेघ नव्हती.

हनियानं सांगितलं की सही माझी आहे, मजकूर माझा नाही. अल्लालनं दार लोटून घेतलं. तो म्हणाला, असं असेल तर बाराच्या आत लेखी हरकत द्या, मी फाइलला जोडतो, पुढं समिती पाहील. मग म्हणाला, "पण लल्ला, लिहिताना विचार करा. सही खरी आहे असं म्हणालात तर कोरा कागद दिलात असं लिहावं लागेल. तुम्ही. ही फाइल दहा हातांतून जाते. दुपारपर्यंत मासळीबाजारात पोचेल."

"खोटी आहे म्हणून लिहू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंत. पण कळकळीनं म्हटलंत, म्हणून राहू द्या."

तिनं त्याच्याकडून एक कागद घेतला आणि बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसली. लॅपटॉप पिशवीत होता, चालू होता, पण छापायला बुजमासमोरून कोपऱ्यावर जावं लागलं असतं. तिनं पेननं लिहायला घेतलं आणि पहिल्यांदाच तिला सुरुवात सुचेना. हजारो बायकांना तिनं दटावलं होतं, रडू नकोस, क्रमानं सांग. आता क्रमानं सांगायचं म्हणजे सव्वीस वर्षं कुठून सुरू करायची? तिच्या मनात डबे आले, जनाजा आला, कालच्या त्या दोन गरम रोट्या आल्या. यातलं काहीही अर्जात बसत नव्हतं. तिनं ते बाजूला ठेवलं आणि सहा ओळी लिहिल्या. बुधवारी मी कोऱ्या कागदावर सही केली. ती माझी चूक. वरचा मजकूर सी बुजमा यांनी मला न विचारता छापला. माझा लॅपटॉप त्यांच्याकडे असताना सुरू होऊ नये अशा रीतीनं बदलला गेला. मी व्यवसाय सोडलेला नाही. खोली मला मिळावी, एकटीला. सही केली, उरलेल्या जागेवर तिरकी रेघ ओढली आणि बाराला अकरा मिनिटं असताना अल्लालच्या शिक्क्याखाली कागद सरकवला. पेन ड्राइव्हही दिला. त्यानं सांगितलं की प्रमाणपत्रं छापील लागतात, तरी ठेवतो.

फाटकातून ती बाहेर आली तेव्हा बुजमाच्या टेबलासमोर कुणी नव्हतं. तिच्या हातातली पिशवी, तिची येण्याची दिशा, दोन्ही त्यानं पाहिलं. तो उठला नाही. तिनं आपली खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर गिऱ्हाईक बसतात तिथं बसली. इतक्या वर्षांत त्या बाजूनं तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तो म्हणाला, चहा गार झालाय, दुसरा करतो. तिनं नको म्हटलं. एक म्हातारा वीजबिल घेऊन आला. हनियानं त्याला नंतर ये म्हणून सांगितलं.

"सुवेराला कोण मेलं?" तिनं विचारलं.

बुजमानं मान खाली घातली.

"लॅपटॉप का बंद केलास? कागद तर आधीच दिला होतास."

"तू आज अर्ज घेऊन आत गेली असतीस तर अल्लालनं तो कागद काढला असता. बारा वाजून गेले असते तर मग..." त्यानं गार चहाचा पेला बाजूला सरकवला. "मग तुला काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं."

"खोली दोघांना मिळणार होती."

"दोन मीटर रुंद." तो पहिल्यांदाच तिच्याकडे पाहून बोलला. "त्यात तुझी माणसं. दारापर्यंत तुझीच रांग. मागणीची पत्रं आता कोण लिहून घेतं लल्ला? पोरं फोनवर बोलतात. गेली तीन वर्षं तू पाठवतेस त्यांच्यावर मी बसलोय. तुला लोक घरी येऊन शोधतील. माझ्या घरी कोण येणार?"

"हे मला सांगायचं होतंस. एकट्यासाठी खोली हवी म्हणून मागायचीस माझ्याकडे."

"दिली असतीस?"

हनियानं थोडा विचार केला. खोटं बोलायला हरकत नव्हती, त्या क्षणी ते शोभलंही असतं.

"नसती दिली," ती म्हणाली. "पण मग आपण भांडलो असतो. भांडायचंही ठेवलं नाहीस तू."

तिनं उठून आपलं टेबल दुमडलं. छत्रीचा खांब दोन टेबलांच्या मध्ये होता. तिचं टेबल निघाल्यावर तो एका बाजूला कलला. बुजमा धरायला उठला. तिनं मदत केली नाही.

समितीनं दोन्ही अर्ज बाद केले. बुजमाचा, कागद कसा मिळवला ते सिद्ध झालं म्हणून. हनियाचा, छापील प्रमाणपत्रं वेळेत आली नाहीत म्हणून. खोली कोपऱ्यावरच्या फोटोकॉपीवाल्याला गेली. तो आता तिथं छापील नमुने विकतो; नाव भरा, पत्ता भरा, सही करा. त्यातल्या निम्म्या नमुन्यांवर मजकूर संपल्यावर मोठी कोरी जागा असते आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

हनिया घराच्या पुढच्या खोलीत बसून लिहिते. बुजमा म्हणाला होता तितके लोक काही शोधत आले नाहीत. निम्मे आले. बाकीच्यांनी बाजारात ऐकलं होतं की लल्ला हनियानं स्वतः कोऱ्या कागदावर सही दिली, आणि हे तिनंच लिहून दिलंय. येणाऱ्या बायकांतली एखादी खाली मान घालून विचारते, खरं का हो ते? ती म्हणते, खरं आहे, आता तुझं काय झालं ते क्रमानं सांग. डोळ्याचं ऑपरेशन झालं. लॅपटॉपचा पासवर्ड तिनं बदलला, आणि तिबारीकडून त्या निळ्या पानालाही कुलूप घालून घेतलं. ते कुलूप घातलं त्या दिवशी घरी येऊन ती आईच्या जुन्या पलंगावर दुपारभर पडून राहिली. तिच्या आयुष्यात दुपारी आडवं होण्याची ती दुसरी वेळ, पहिली ऑपरेशनची.

बुजमा तिला मासळीबाजारात दिसतो. आसफीत दोन माणसं भेटली की सलाम नुसता सुरू होतो. मग तब्येत, मग घरचे, मग त्यांची तब्येत, मग पाऊसपाणी, आणि हे सगळं दोन्ही बाजूंनी संपेपर्यंत हातातला मासा गरम होतो. बुजमा अजूनही पूर्ण सलाम करतो, आवाज तसाच गोड. सलामाला उत्तर देणं भाग असतं, म्हणून हनिया देते. तब्येत विचारत नाही. तारल्या निवडते, पिशवी उचलते आणि दुसऱ्या रांगेनं जाते.